पेक्षा कमी

कॅर्दलाच्या बंदराजवळ, जुन्या कापडगिरणीच्या वरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस: तीन टेबलं, एक हीटर,
आणि खिडकीत समुद्र, जो मार्चमध्ये अजून ठरवत असतो
पाणी व्हायचं की नाही.

हियूमा बेटावरची माणसं आमच्याकडे लिहितात:
कुणाच्या मेंढीला तिळं झालं, फेरी किती उशिरा लागली,
कुठल्या खाडीत बर्फ किती जाड.
अकरा वर्षांच्या नोंदी. आता नवं कोठार बांधायचं
आणि सगळं अडलंय एवढ्यावरच,
की लिहिलेलं ठेवायचं कशाच्या रूपात.

ऊर्मास म्हणतो, एचटीएमएल. शिजवूनच ठेवू,
मागितलं की ताटात.
काद्री म्हणते, मार्कडाउन. दोन चांदण्यांमधला शब्द ठळक,
माणसालाही कळतं, यंत्रालाही.
ताल्लिनचा सल्लागार पडद्यावरून
प्रत्येक परिच्छेद जेसनच्या डब्यात घालतो,
डब्यात डबा, त्यात डबा,
आणि सगळ्यात आतल्या डब्यात एक स्वल्पविराम.

बरणीवरून भांडण जुंपलंय,
आत काय मुरायचंय ते कुणी चाखलेलं नाही.
म्हणून मी त्या रात्री जुन्या रांगा उलटत बसले.

एन्देल सार. फेरीवरचा निवृत्त मेकॅनिक.
हिवाळ्यात रोज पहाटे बर्फाला भोक पाडून मोजायचा,
आणि घरी येऊन हातमोजे न काढता, बहुधा एका बोटाने, लिहायचा.
चौदा फेब्रुवारी: हेल्तरमाच्या रस्त्यावर बर्फ
पुढे काही नाही.
पंधरा फेब्रुवारी: दक्षिणेला भेग. तिसऱ्या फांदीपाशी बर्फ
पुढे काही नाही.

वाटलं, म्हातारा. वाक्य अर्धं टाकून चहाला उठत असेल,
माझे बाबा उठायचे तसा.
मग मोजल्या. एक्केचाळीस नोंदी,
सगळ्या एकाच शब्दानंतर तुटलेल्या.

मेकॅनिकच तो, शब्दांचा कंजूष.
'पेक्षा कमी' असं कशाला लिहील?
चोच उघडल्यासारखं ते टोकदार चिन्ह टाकायचा.
(इथे काढत नाही मी ते.
ही कविता पुढे कुठे साठवली जाईल, सांगता येत नाही.)
आमच्या धुणाऱ्या प्रोग्रामला वाटलं, चोर शिरतोय,
आणि त्याने चिन्हापासून पुढचं सगळं छाटलं.
साठवलं ते धुतलेलं.
न धुतलेलं ठेवायचं कुणाला सुचलंच नाही.
पाखडणारा हात माझाच होता, अकरा वर्षांपूर्वीचा, नोकरीतला पहिला महिना.

रविवारी व्हिर्वेकडे गेले.
ती अंगणात मासे धुरावत होती, मला बसायला उलटी बादली दिली.
सगळं सांगितलं. तिने आधी धूर नीट केला.
मग म्हणाली, त्याच्या वाक्याला शेवट असायचा गं.
कधी 'जाऊ नका'.
कधी 'जा, पण पट्टा सोडून बसा'.
कुठल्या दिवशी कुठलं?
तिने माशाची शेपटी दाबून पाहिली.
ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणाली.

सोमवारी मी कुणाचं ऐकलं नाही.
पहिल्या रकान्यात, माणसाने टाइप केलं ते, जसंच्या तसं:
चुकलेली जोडाक्षरं, दोनदा दाबलेली स्पेस,
वैतागून मारलेले सात एंटर.
त्याला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा.
धुणं-पुसणं दारात, वाढताना, दर वेळी नव्याने.
शेजारी हवी तर एक शिजवलेली प्रत, घाईच्या पाहुण्यांसाठी;
विटली तर फेकून द्या, पुन्हा शिजेल.
काद्रीच्या चांदण्या राहतील, लिहिणाऱ्याला हव्या असतील तर.
ऊर्मास म्हणाला, हळू चालेल.
म्हटलं, बर्फावरही हळूच चालवतात.
(खरं तर मधल्या वेगाने नाही. लाट उठते खाली.
पण तेव्हा तोंडाला आलं ते बोलले.)

चाचणीसाठी पहिली नोंद मी टाकली.
हेल्तरमाच्या रस्त्यावर बर्फ, मग ते चिन्ह,
मग एक मोकळी जागा,
कारण आकडा मला ठाऊक नाही.
सेव्ह केलं. पुन्हा उघडलं.
चिन्ह होतं. मोकळी जागाही होती.

ही अर्धवट नोंद कुणाची, काढून टाकू का,
ऊर्मासने विचारलं.
राहू दे, म्हटलं.